पाणी कुठून मोजायचं

ठकीनं टेबलावर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं, तेव्हा मी तिला तीन कान मांडून दाखवत होतो. कान म्हणजे ट्रान्सड्यूसर. बोटीच्या तळाशी बसतो, पाण्यात आवाज सोडतो, खाली आपटून परत आलेला आवाज ऐकतो, आणि मग वर सुकाणूपाशी मशीनच्या पडद्यावर उमटतं की इतकं पाणी, इथं दगड, इथं मासा. बोलणारा तोच नि ऐकणाराही तोच, पण आमच्या गल्लीत सगळे त्याला कानच म्हणतात. ठकी माझी पुतणी, थोरल्या भावाची एकुलती एक. एकतीस वर्षांची झाली तरी ठकीच, कारण नाव मी पाडलंय आणि मी ते बदलायला तयार नाही. तिनं बोट घेतलीय. तीस फुटी, फायबरची, कुणीतरी हौसेनं घेतलेली आणि कंटाळून टाकलेली. हौशी लोकांना खोल पाण्यात गळ टाकायला न्यायचं हा तिचा धंदा. तिच्या बापाचाही तोच होता. इंजिन ठणठणीत, पण विजेचं काम म्हणजे कोंबड्यांनी उकरल्यासारखं. ते सगळं उपसून नवं करायचं होतं, आणि बोटींच्या विजेचं काम हाच माझा धंदा, म्हणून तिनं दुसऱ्या कुणाकडे जायचा प्रश्नच नव्हता.

"हा पहिला," मी सांगत होतो, "मागच्या फळीला दोन स्क्रूंवर लटकतो. स्वस्त. हळू चाललीस तर गुणी बाळ. वेग घेतलास की फेस त्याच्या तोंडावर, मग त्याला तळ दिसत नाही नि तुला मासा. हा दुसरा, आतून चिकटवायचा. भोक नाही, काही नाही, फायबरमधूनच ऐकतो. पण भिंतीला कान लावून शेजाऱ्याचं भांडण ऐकावं तसं. भांडण चाललंय हे कळतं, कशावरून ते कळत नाही."

"आणि हा बोजड?"

"हा आरपार. तळाला भोक पाडून थेट पाण्यात बसवायचा. तुझ्या बोटीचा तळ दोन्ही बाजूंनी उतरता आहे, साधा कान लावला तर तो तिरकं बघणार. हा आतून वीस अंश कललेला येतो, म्हणजे तळ तिरका असला तरी याचं तोंड सरळ खाली. पळत्या बोटीत, सहाशे फूट पाण्यात मासा दाखवेल."

"म्हणजे तुम्ही माझ्या बोटीला भोक पाडणार आणि वर त्याचे पैसे घेणार."

"दाताचा डॉक्टर दुसरं काय करतो?"

ती हसली. तिचं हसू आधी नाकातून निघतं आणि मग तोंडात येतं, दादाचं तसंच होतं. मी ते ऐकलं की दर वेळी हातातलं काम बघायला लागतो. हसता हसताच तिनं तो टॉवेल उलगडला. आत विटेएवढं काळं मशीन होतं, कोपऱ्याला चरा गेलेलं, चार बटणं असलेलं, आणि मी त्याच्याकडे बघायच्या आत माझ्या उजव्या अंगठ्याला ते ओळखू आलं.

"बाबांचं," ती म्हणाली. "आईच्या कपाटात वरच्या फळीवर होतं. चालू होतंय का बघा ना काका. बाबांच्या जागा यात असतील."

जागा म्हणजे मासा कुठं मिळतो त्या. समुद्रावर खुणेचा दगड नसतो, जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे असतात. दादानं पंधरा वर्षांच्या जागा एका वहीत लिहिल्या होत्या आणि हे मशीन आलं तेव्हा आठवडाभर बसून एकेक आकडा त्यात भरला होता, जीभ बाहेर काढून, शाळेतल्या पोरासारखा. वही त्याच्याबरोबर गेली. मशीन वर छताखाली होतं, ते भिजलंसुद्धा नाही. पोलिसांनी दोन महिन्यांनी वहिनीला परत दिलं, वहिनीनं टॉवेलात गुंडाळलं, आणि एकोणीस वर्षं ते वरच्या फळीवर होतं. त्या घरी मी आठवड्यातून दोनदा जात आलोय. जेवलोय त्या कपाटाकडे पाठ करून. नेहमी पाठ करून. वहिनी म्हणायची, भावजी, इकडे पंख्याखाली बसा ना, आणि मी म्हणायचो, नको, इथं बरं आहे.

"ठेव," मी म्हणालो. "बघतो. घाई नाही ना?"

"घाई कसली? पण बाबांच्या जागांवर मी गिऱ्हाईक नेलं तर लोकांची तोंडं बंद होतील, एवढंच."

लोकांची तोंडं म्हणजे काय, हे आमच्या गोदीवर कुणाला समजवावं लागत नाही. दादा धुक्यातून खाडीच्या तोंडाशी आत शिरताना वाळूच्या बांधावर आपटला. मागून लाट आली, बोट आडवी झाली, तो बाहेर फेकला गेला. बरोबर दोन गिऱ्हाइकं होती, कठड्याला धरून राहिली म्हणून वाचली. बोटीत बाटली सापडली. ती गिऱ्हाइकांची होती, पण बाटलीवर नाव लिहिलेलं नसतं. तीस वर्षं त्या तोंडातून जा-ये करणारा माणूस बांधावर चढतो म्हणजे काय, असं म्हणून लोकांनी हात तोंडाशी नेऊन अंगठा वर केला आणि विषय संपवला. आजही ठकीच्या बोटीवर चढताना कुणीतरी थट्टेनं विचारतं, बाई, तुम्ही घेत नाही ना? ती हसून सोडून देते. नाकातून.

त्या दोघा गिऱ्हाइकांतला एक आमच्याकडे भेटायला आला होता, तेराव्या की चौदाव्या दिवशी. बूट काढायचे की नाही हे न कळून दारातच घुटमळत होता. म्हणाला, धुकं इतकं होतं की पुढचा दिवा दिसत नव्हता, ते नुसते मशीनकडे बघून चालवत होते, आम्ही घाबरलो तेव्हा म्हणाले, पाच आहे, पाच, भरपूर आहे, काळजी नको. मग आपटलो. हे सांगून तो माणूस रडला. वहिनी त्याला पाणी आणायला उठली. मी बसलेला होतो तिथंच बसून राहिलो, कारण पाच हा शब्द ऐकल्याबरोबर मला त्या मशीनची दोन बटणं आठवली होती.

आता हे नीट सांगायला पाहिजे, नाहीतर वाटेल हा म्हातारा उगाच जिवाला लावून घेतोय. कान पाण्याच्या पृष्ठभागावर नसतो, खाली असतो. दादाच्या बोटीत तो पाण्याखाली दोन फूट होता. आणि बोटीचा पंखा, पाणी मागं लोटणारा, तो त्याच्याखाली आणखी दोन फूट. कान आपल्या तोंडापासून मोजतो. मग मशीनला सांगावं लागतं, बाबा रे, तुझ्या आकड्यात दोन मिळव, म्हणजे वरपासूनचं सगळं पाणी दिसेल. किंवा दोन वजा कर, म्हणजे पंख्याखाली किती पाणी उरलं ते दिसेल. दोन्ही रीती चालतात. आमचे वडील वरून मोजायचे. त्यांच्याकडे मशीन कुठलं, दोरीला शिशाचा गोळा बांधलेला, दोरीवर फुटाफुटाला गाठ, गोळ्याच्या बुडाला खळगा आणि खळग्यात चरबी, म्हणजे तळाची वाळू चिकटून वर येते. गोळा टाकायचा, भिजलेल्या गाठी मोजायच्या. पाणी वरून मोजायचं, हे माझ्या हाताला लहानपणापासून माहीत आहे. शाळा सातवीत सुटली, पण हे सुटलं नाही.

दादा म्हणाला होता, "बारक्या, याला सांग, पंख्याखाली किती आहे तेवढंच बोल. मला वजाबाकी करायला लावू नको."

मी म्हणालो, "बाबा वरून मोजायचे."

"बाबांची होडी ढोपरभर पाण्यात चालायची. माझं पोट मोठं आहे."

तो बोटीच्या पोटाबद्दल बोलत होता, पण स्वतःच्या पोटावर थाप मारून. मग तो धक्क्यावर उतरला. बोट त्याच्या घरामागच्या धक्क्यालाच बांधलेली होती, खिडकीतून वहिनीनं हाक मारली, भावजी, चहा गार होतोय, आणि मी मशीनमध्ये त्या पानावर होतो. वरचं बटण म्हणजे अधिक, खालचं म्हणजे उणे. दोनदा दाबायचं. मी दोनदा दाबलं. पान बंद केलं आणि चहाला गेलो.

वरचं की खालचं?

खालचं दाबलं असेल तर पाच म्हणजे पाच. मग दादा का आपटला ते देव जाणे, बाटली, डुलकी, लाटेचा खड्डा, काहीही. वरचं दाबलं असेल तर पाच म्हणजे एक. एक फूट पाणी पंख्याखाली आणि वर लाटांची उठबस. त्याआधी चार महिने तो ते मशीन वापरत होता, पण चारशे फूट पाण्यात चार फूट कुणाला कळतात? आणि खाडीचं तोंड तो डोळ्यांनी बघून पार करायचा, मशीनकडे ढुंकून बघायचा नाही. एकच दिवस त्याला डोळे नव्हते. त्या दिवशी त्यानं माझ्यावर विसंबून बोट आत घातली.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पहिले तेरा दिवस मलाच सुचलं नव्हतं. चौदाव्या दिवशी सुचलं तेव्हा वहिनी त्या माणसाला पाणी देत होती. महिन्यानं मशीन पोलिसांकडे होतं, मी स्वतःला म्हणालो, परत येऊ दे, आधी बघू, नक्की कळलं की सांगू. मशीन परत आलं, टॉवेलात गेलं. मग ठकी शाळेतून रडत आली, कुणीतरी तिच्या बापाला बेवडा म्हणालं होतं, आणि मी तिला सायकल आणून दिली. लाल. तिला ती फार मोठी होती.

त्या दिवशी टॉवेल ठेवून ठकी गेल्यावर मी मशीन मागच्या फळीवर ठेवलं, वायरींच्या वेटोळ्यांमागं, आणि घरी गेलो. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि एकोणीस वर्षं जिन्यानं जातो. बायकोला वाटतं, तब्येतीसाठी. ती शेजारणींना कौतुकानं सांगते, यांचे गुडघे बघा या वयात. लिफ्टच्या दाराशी दोन बटणं आहेत, एकाखाली एक, वर बाण आणि खाली बाण. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो की माझा अंगठा आपोआप उचलला जातो आणि कुठं जायचं ते त्याला कळत नाही. टीव्हीचा रिमोटही मी बायकोच्याच हातात देतो. ती म्हणते, बरं आहे, तुम्हाला नाहीतरी कुस्त्याच बघायच्या असतात. दुपारी पडलो की उशीतून टिकटिक येते. कान चालू असला की टिकटिकतो, कोरडा हातात धरला तर स्पष्ट ऐकू येतं, बारीक, सेकंदाला दोन-तीनदा, एखादा किडा लाकूड पोखरतो तशी. आयुष्यभर हातात धरून ऐकलेला आवाज, तो उशीत आला तर त्यात काय नवल. पण उशीतली टिकटिक मधेच थांबते. बाहेर सोडलेला आवाज परत आला नाही की मशीन जसं थांबून वाट बघतं, तशी. मग मी उठून बसतो. बायको विचारते, काय झालं? मी म्हणतो, पाय आखडला.

दुसऱ्या दिवशी फायबरवाला आला. शेजारचाच गाळा, बोटींचे तळ करतो, अंगभर पांढरी भुकटी, घरी त्याला बायको अंगणात झटकून मग आत घेते असं तोच सांगतो. ठकीच्या बोटीला भोक कुठं पाडायचं ते ठरवायचं होतं. काही बोटींच्या तळात दोन थरांमध्ये फोम असतो. तिथं भोक पाडलं तर फोम पाणी पितो आणि बोट आतून कुजते, म्हणून घट्ट फायबरची जागा शोधावी लागते. हातोडीच्या दांड्यानं ठोकत ठोकत त्यानं आवाजावरून जागा काढली. भद्द, भद्द, भद्द, मग टक्क. "ही घे. इथं हाड आहे. समोर पट्टी नाही, नळी नाही, पाणी स्वच्छ येईल." खडूनं फुली मारली. मग उकिडवा बसून बिडी काढली आणि म्हणाला, "पोरगी चांगली आहे. बापावर गेली नाही."

"बापावर म्हणजे?"

"म्हणजे तेच रे. माणूस सोन्यासारखा होता, कुणी नाही म्हटलंय? पण..." आणि त्यानं हात तोंडाशी नेऊन अंगठा वर केला.

मी म्हणालो, "त्याच्यापुढं नळी नाही ना नक्की? परत ठोकून बघ." तो परत ठोकायला लागला. हे मी नेहमी करतो. दादाचा विषय आला की समोरच्याला काहीतरी परत मोजायला लावतो. गल्लीत माझं नाव आहे, हा माणूस तीनदा मोजतो. बोट पाण्यात सोडली की मी मशीनवर भरवसा ठेवत नाही, वडिलांची दोरी काढतो, गोळा टाकतो, गाठी मोजतो, पडद्यावरच्या आकड्याशी ताडून बघतो, मगच सही करतो. गिऱ्हाइकं हसतात. मला देव मानणारेही काही आहेत. देव कसला. चोर ज्या घरात एकदा शिरला त्याच्या कड्या तपासत फिरतो, तसलं ते.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, मी शटर अर्धं खाली ओढलं आणि मशीन टेबलावर घेतलं. काय करणार होतो ते मला माहीत होतं आणि ते मी इथं लपवत नाही. बॅटरीची वायर जोडायची, चालू करायचं, त्या पानावर जायचं, अधिक आहे की उणे ते बघायचं. जागांचे आकडे कागदावर उतरवून घ्यायचे. आणि मग, उणे असेल तर तसंच ठेवायचं. अधिक असेल तर दोन बटणं एकदम दाबून धरायची, दहा मोजायचे, की मशीन सगळं विसरतं, कारखान्यातून आल्यासारखं होतं. ठकीला जागा द्यायच्या, म्हणायचं, उतरवून घेतल्या आणि मग बिचारं मेलं. आमच्या धंद्यात हे कुणी तपासत नाही. माझं तर कुणीच तपासत नाही, कारण मी तीनदा मोजतो.

वायर जोडताना हात थरथरत नव्हता. हात कामाला लागला की थरथरत नाही, तेवढी लाज त्याला आहे. स्विच दाबला. काही सेकंद काहीच नाही, मग पडदा आतून हिरवट झाला, उभ्या मेलेल्या रेघा उमटल्या, आणि त्या रेघांमागून अक्षरं आली. भाषा निवडा.

मी ते वाचलं आणि परत वाचलं. नवं कोरं मशीन पहिल्यांदा चालू केलं की पहिला हाच प्रश्न विचारतं. म्हणजे ते सगळं विसरलं होतं. आत शर्टाच्या गुंडीएवढी बॅटरी असते, मशीन बंद असताना तेवढ्यावर ते आठवणी धरून राहतं. ती कधीच संपली होती, पाच वर्षांपूर्वी की पंधरा, टॉवेलात, अंधारात, वहिनीच्या साड्यांशेजारी. मी एक भाषा निवडली, हाताला आली ती. जागांचं पान उघडलं. रिकामं. मग ते पान उघडलं. शून्य. अधिकही नाही, उणेही नाही.

सुटलो, असं वाटलं. खरंच वाटलं, छातीत गार वारा शिरल्यासारखं. आता कुणी कधीच सिद्ध करू शकणार नाही. आणि तो वारा आत शिरला तो तिथंच थांबला, बाहेर पडेना. कारण मलाही कधीच कळणार नव्हतं. इतकी वर्षं मी त्या कपाटाकडे पाठ करून बसलो ते आत उत्तर आहे म्हणून, आणि आत फक्त टॉवेल होता. दादाच्या पंधरा वर्षांच्या जागाही गेल्या. मी पुसायला बसलो होतो, आणि जे पुसायचं ते माझ्याआधीच पुसलं गेलं होतं. अंगठा अजून त्या दोन बटणांवर होता. मी तो उचलला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

ठकीला फोनवर सांगितलं, रिकामं आहे गं. पलीकडे तिनं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "जाऊ दे. आईला इतक्यात सांगू नका. ती म्हणत होती, त्या जागा मिळाल्या तर एकदा मला घेऊन चल."

मग आम्ही भोक पाडलं. आधी आतून बारीक, मग खालून मोठं, गोल कापणाऱ्या करवतीनं. फायबरची भुकटी डोळ्यांत जाते म्हणून चष्मा लावला होता, आणि ठकी शेजारी बसून फुंकर मारत होती. कापलेली चकती निखळून माझ्या हातात पडली, अंगठ्याएवढी जाड, सगळी घट्ट, आत फोमचा ठिपका नाही. "लग्नात हिचं पदक करून घाल," मी म्हणालो. ती म्हणाली, "आधी नवरा शोधा, भोक नंतर पाडा." कान बसवला, गोंद भरला, नट आवळला, पुसून काढलं, तीन दिवस सुकू दिलं. चौथ्या दिवशी सकाळी बोट पाण्यात सोडली. मी खाली वाकून, नटाभोवती हात फिरवून, एक थेंबही आत येत नाही हे बघितलं. तीनदा.

ठकी सुकाणूपाशी उभी होती. नवं मशीन मोठं, रंगीत, टीव्हीसारखं. ती पानं उलटत होती, या पोरांना ते उपजतच येतं. इंजिन बंद होतं. पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता, आणि त्याच्या खाली, तळातून, टिकटिक.

"काका, हे काय आहे? अधिक-उणे?"

तिचं बोट पडद्यावर टेकलेलं होतं. दोन बाण, एकाखाली एक. मला वाटलं होतं, सांगायची वेळ आली की ती मला कळेल आणि मी तयार असेन, दाढी केलेली असेल. दाढी केलेली नव्हती. मी बसलो. नांगराच्या दोरीच्या वेटोळ्यावरच बसलो. म्हणालो, "ठकी, ते तुझ्या बापाच्या मशीनवर मी लावलं होतं. त्यानं मला उणे सांगितलं होतं. मी अधिक लावलं असेल."

"असेल म्हणजे?"

मग मी सगळं सांगितलं. दोन फूट, चार फूट, वहिनीचा चहा. पाच म्हणजे पाच किंवा पाच म्हणजे एक. ती हिशेबात पक्की आहे, माझं अर्धं वाक्य व्हायच्या आत तिला कळलेलं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, तरी मी पूर्ण केलं. बोट हलत होती, तिची सावली माझ्या गुडघ्यांवरून जात-येत होती.

"ते मशीन," ती म्हणाली. "ते तुमच्याकडे तीन दिवस होतं."

"हो."

"तुम्ही पुसलंत?"

"नाही. पुसायला बसलो होतो. आधीच पुसलेलं होतं."

हे वाक्य बाहेर पडल्यावर कसं ऐकू येतं ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. कुठल्याही चौकीत हसले असते. मी ते तिच्यासमोर चालू केलं असतं तर निदान एवढं तरी खरं ठरलं असतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी डोळे चुकवले नाहीत, पण त्याचं काही विशेष नाही, खोटं बोलणारेही चुकवत नाहीत.

"सायकल," ती म्हणाली. "घड्याळ. दहावीला ते पेन. कॉलेजला रोज सोडायला यायचात. ते सगळं यासाठी?"

"नाही," मी म्हणालो. मग म्हणालो, "थोडंसं."

तिच्या नाकातून आवाज निघाला. हसू असावं असं वाटलं, पण ते तोंडापर्यंत आलं नाही. ती पाठ करून उभी राहिली, दोन्ही हात सुकाणूवर. किती वेळ, मी मोजलं नाही. धक्क्यावरून फायबरवाला ओरडला, काय, तरंगते का? तिनं हात वर केला, तरंगते. मग पाठ तशीच ठेवून म्हणाली, "आई चाळीस वर्षांची होती, काका. चाळीसची असल्यापासून ती लोकांचं ऐकून घेतेय. मी तर शाळेत होते."

"माहीत आहे."

"तुम्ही तिला सांगायचं. आज. मी शेजारी बसेन, पण बोलायचं तुम्ही. आणि मग याला सांगायचं." मानेनंच तिनं धक्क्याकडे दाखवलं. "तो सगळ्यांना सांगेल."

"सांगतो."

"असेल, वाटतं, असं नाही सांगायचं."

"पण मला नक्की माहीत नाही ठकी. तेच तर..."

"मग तसं सांगा. नक्की माहीत नाही, असंच सांगा. पण बाबांना माहीत होतं ते पाच होतं, एवढं नक्की सांगा. ते शुद्धीत होते, आकडा बघत होते."

मी मान हलवली. इतक्या वर्षांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं. माझ्या अंगठ्यापलीकडे मी कधी बघितलंच नव्हतं; तिकडे धुक्यात एक माणूस उभा होता, शुद्धीत, आकडा वाचत.

ती वळली. डोळे लाल होते, आवाज कोरडा. "पाणी कुठून मोजायचं?"

"तू सांगायचं."

"पंख्याखालून. इथं कान किती खाली आहे?"

"दीड फूट. पंखा त्याच्याखाली आणखी दीड."

"मी दाबते. तुम्ही बघा." तिनं खालच्या बाणावर बोट ठेवलं आणि थांबली, माझ्याकडे बघून. मी म्हणालो, खाली. तिनं दाबलं. उणे दीड. "आजोबांची दोरी कुठं आहे?"

पिशवीतच होती, नेहमी असते. खळग्यात मी सकाळीच ग्रीस भरून ठेवलं होतं, चरबी आता कोण आणतो. ती म्हणाली, टाका. गोळा हातात घेतला तर तो जड लागला, आजवर इतका कधी लागला नव्हता. कठड्यावरून सोडला. दोरी बोटांतून सरसरत गेली, गाठीमागून गाठ, आणि मग सैल पडली. खाली काहीतरी होतं. मी दोरी ताणली, पाण्याच्या रेषेशी चिमटीत धरली आणि वर ओढत गाठी मोजल्या. एकदाच मोजल्या.

"वरून किती?" तिनं विचारलं.

"आठ."

ती पडद्याकडे बघत होती. आठातून तीन मी मनात वजा केले होते, आणि आता ती काय म्हणणार ते मला माहीत होतं, आणि ते ऐकायला मी कठड्याला धरून उभा होतो.

"पाच आहे," ठकी म्हणाली. "बरोबर?"

मी गोळा उलटा केला. ग्रीसला करडी वाळू चिकटली होती, ओली, त्यात शिंपल्याचा एक पांढरा तुकडा. मी ती वाळू तिच्या तळहातावर टेकवली.

"बरोबर," मी म्हणालो.